ड्रायव्हरचा दोष की कार्डाचा? असेंबल केलेल्या पीसीवर ग्राफिक्सचा बिघाड शोधण्याचा क्रम

गेम चालू असताना स्क्रीन काळी पडते, दोन-तीन सेकंदांत डेस्कटॉप परत येतो आणि गेम मात्र बंद झालेला असतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये पाहिलं तर नोंद सापडते, की डिस्प्ले ड्रायव्हरने, म्हणजे विंडोज आणि ग्राफिक्स कार्ड यांना जोडणाऱ्या प्रोग्रॅमने, प्रतिसाद देणं थांबवलं होतं आणि तो आता पूर्ववत झाला आहे. हे वाचल्यावर कुणीही ड्रायव्हरलाच धरेल. पण ही नोंद नेमकी कशी तयार होते ते आधी पाहू. कार्डाला दिलेलं काम ठरलेल्या वेळेत पुढे सरकलं नाही, तर विंडोज ते अडकलं असं समजते आणि ड्रायव्हर नव्याने सुरू करते. ही मुदत मुळात २ सेकंदांची असते. व्हिस्टापासून चालत आलेल्या या व्यवस्थेला टीडीआर (टाइमआउट डिटेक्शन अँड रिकव्हरी) म्हणतात. कार्ड कशामुळे अडकलं हे टीडीआरला कळत नाही. ड्रायव्हरमधली चूक, एसएमपीएसकडून (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून) अपुरी पडलेली वीज, ओव्हरक्लॉक (ठरल्यापेक्षा वाढवलेला वेग), रॅमचा चुकीचा वेग, सैल बसलेलं कार्ड, या सगळ्यांची नोंद एकाच शब्दांत होते.

ब्रँडेड पीसीत हे सगळे भाग कंपनीने एकत्र तपासलेले असतात. असेंबल केलेल्या पीसीत ती तपासणी तुमच्याकडे येते. म्हणून ड्रायव्हर काढण्या-टाकण्याच्या फेऱ्या सुरू करण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: बिघाड नेमका कोणत्या क्षणी दिसतो?

आधी क्षण पकडा

पीसी सुरू केल्याबरोबर, बायोसच्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रॅमच्या) स्क्रीनवरच रंगीत चौकोन, उभ्या रेघा किंवा तुटकी अक्षरं दिसत असतील, तर ड्रायव्हर निर्दोष आहे. त्या वेळी तो लोडच झालेला नसतो. केबल, मॉनिटर किंवा कार्डाची स्वतःची मेमरी, यांतलंच काहीतरी बिघडलेलं आहे. केबल आणि मॉनिटर बदलूनही तेच दिसत असेल, तर कार्ड वॉरंटीला द्यायची तयारी करा. कितीही ड्रायव्हर बदलले तरी त्या रेघा जाणार नाहीत.

बायोस स्वच्छ दिसतो, विंडोजचा लोगो येतो, ठिपके फिरतात आणि मग स्क्रीन काळी होते. हा ड्रायव्हर लोड होण्याचा क्षण. इथे ड्रायव्हरवर संशय घ्यायला जागा आहे. पण आधी कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबून पाहा. दिवा लागत-विझत असेल तर विंडोज जिवंत आहे, फक्त चित्र पोचत नाही. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. एक बीप येते, ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो आणि पुष्कळदा चित्र परत येतं. घरात दुसरा मॉनिटर किंवा टीव्ही त्याच कार्डाला जोडलेला असेल, तर चित्र तिकडे जात नाही ना हेही बघा.

डेस्कटॉप व्यवस्थित येतो, पण रेझोल्युशन कमी आहे आणि वाढवता येत नाही. खिडकी सरकवली की ती अडखळत सरकते. याचा अर्थ कार्डाचा ड्रायव्हर नाहीच, विंडोज आपल्या साध्या ड्रायव्हरवर काम भागवते आहे. हा सगळ्यात सोपा प्रकार.

डेस्कटॉपवर तासन्‌तास काही होत नाही, पण गेम किंवा रेंडरिंग सुरू केलं की दहा-वीस मिनिटांत कोसळतं. हा सगळ्यात अवघड प्रकार, आणि ड्रायव्हरवर सर्वांत जास्त खोटे आळ येतात ते इथेच. त्याबद्दल पुढे सविस्तर.

आणि बिघाड फक्त एकाच गेममध्ये किंवा एकाच प्रोग्रॅममध्ये दिसत असेल, बाकी सगळं सुरळीत असेल, तर हार्डवेअरला हात लावू नका. तो गेम आणि ड्रायव्हरची ती विशिष्ट आवृत्ती यांचं जमत नसतं. एक आवृत्ती मागे जाऊन पाहा.

कॅबिनेट उघडा

सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी पाच मिनिटं इथे द्या. पीसी बंद करा, एसएमपीएसच्या मागचं बटण बंद करा, वायर काढा आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच आत हात घाला.

मॉनिटरची केबल कुठे लावली आहे? मागच्या बाजूला कीबोर्ड-माउसच्या पोर्टांजवळ जी एचडीएमआय दिसते, ती मदरबोर्डची. कार्डाचे पोर्ट त्याच्या खाली, आडव्या पट्टीत असतात. नव्याने असेंबल केलेल्या पीसीत ही गफलत फार होते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतो, किंवा रायझन ५००० मालिकेतले ज्यांना ‘जी’ नाही, त्यांच्यात अंगभूत ग्राफिक्सच नसतं, त्यामुळे मदरबोर्डच्या पोर्टातून चित्र येणारच नाही. याउलट, अंगभूत ग्राफिक्स असेल तर चित्र येतं, विंडोज चालते, आणि महागडं कार्ड नुसतं बसून राहतं. मग ‘ड्रायव्हर टाकूनही गेम रखडतो’ अशी तक्रार सुरू होते.

कार्ड प्रोसेसरच्या सर्वांत जवळच्या लांब स्लॉटमध्ये हवं. खालचा स्लॉट दिसायला तेवढाच लांब असतो, पण पुष्कळ मदरबोर्डांवर आतून त्याला सोळाऐवजी फक्त चार लेन, म्हणजे डेटा जाण्याच्या वाटा, जोडलेल्या असतात. कार्ड एकदा पूर्ण काढा, सोनेरी पट्टी पाहा, पुन्हा बसवा. स्लॉटच्या टोकाची कडी ‘टक्’ आवाज करून बसली पाहिजे. जड कार्ड मागच्या टोकाला झुकतं. कॅबिनेटचा स्क्रू घट्ट नसेल तर पट्टीचं एक टोक स्लॉटमधून किंचित वर उचललं जातं आणि मधूनच संपर्क तुटतो.

आता वीज. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. ६ पिनच्या जोडणीतून आणखी ७५, ८ पिनच्या जोडणीतून १५०. कार्डावर ८ पिनच्या दोन जागा असतील तर एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र केबल आणा. एकाच केबलला पुढे दोन तोंडं असतात, ती दोन्ही लावली की कार्ड सुरू होतं, डेस्कटॉप चालतो, आणि भार वाढला की सगळा प्रवाह एकाच केबलीतून जातो, व्होल्टेज घसरतं, टीडीआरची नोंद पडते. नव्या कार्डांवरच्या १६ पिनच्या जोडणीतून ६०० वॅटपर्यंत वीज जाऊ शकते, त्यामुळे ती अर्धवट बसलेली असणं धोक्याचं आहे. प्लग पूर्ण आत गेला आहे, कार्ड आणि प्लग यांत फट दिसत नाही, हे टॉर्च लावून बघा. आणि केबल प्लगपासून निदान ३५ मिलिमीटर सरळ जाऊ द्या, मग वळवा.

मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या काढता येणारा, एसएमपीएस असेल तर एक इशारा. दुसऱ्या एसएमपीएसची केबल, दिसायला तशीच असली तरी, वापरू नका. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी कंपन्यांनी आपापली ठेवलेली असते. कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ती वेगळी असते. यात कार्डच जळू शकतं.

कार्ड उभं बसवण्यासाठी रायझर केबल वापरली असेल तर ती बाजूला ठेवा आणि कार्ड थेट स्लॉटमध्ये लावून पाहा. तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेससाठी (कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गासाठी) बनलेली रायझर चौथ्या पिढीच्या वेगावर चालवली की काळी स्क्रीन, अचानक रीस्टार्ट, ड्रायव्हर कोसळणं असले सगळे प्रकार होतात. रायझर ठेवायचीच असेल तर बायोसमध्ये त्या स्लॉटचा वेग ‘ऑटो’वरून ‘जेन ३’ करा. गेममध्ये त्याचा फरक सहसा जाणवतही नाही.

डिव्हाइस मॅनेजर काय सांगतो

स्टार्ट बटणावर उजवी क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, त्यात ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’. इथे कार्डाचं नाव दिसायला हवं. त्याऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसलं तर ड्रायव्हर टाकलेलाच नाही. पिवळं चिन्ह असेल तर नावावर दोनदा क्लिक करा. ‘जनरल’ टॅबमध्ये कोड दिसेल.

कोड २२ म्हणजे कुणीतरी कार्ड बंद केलं आहे, उजवी क्लिक करून सुरू करा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर नाही. कोड ३१ म्हणजे ड्रायव्हर आहे पण विंडोजला लोड करता येत नाही. जुन्याचे अवशेष राहिले असतील तर हा येतो, आणि स्वच्छ इन्स्टॉलने (त्याची कृती पुढे आहे) बहुधा जातो. कोड १२ म्हणजे कार्डाला पुरेशी पत्त्यांची जागा मिळाली नाही. बायोसमध्ये ‘अबव्ह ४जी डिकोडिंग’ सुरू करून पाहा.

कोड ४३ ची गोष्ट निराळी. कार्डानेच ‘माझ्यात अडचण आहे’ असं कळवलं आणि विंडोजने त्याला थांबवलं, असा त्याचा अर्थ. स्वच्छ इन्स्टॉल करून एकदा संधी द्यावी. पण वीज, स्लॉट आणि ड्रायव्हर तिन्ही तपासूनही ४३ परत येत असेल, तर कार्ड खराब आहे किंवा कार्डाच्या स्वतःच्या बायोसमध्ये (मदरबोर्डच्या नव्हे) कुणीतरी फेरफार केला आहे. वापरलेलं कार्ड घेतलं असेल तर दुसरी शक्यता आधी धरा. एएमडीचा ड्रायव्हर कार्डाच्या बायोसची सही तपासतो, आणि क्रिप्टो मायनिंगसाठी बदललेल्या कार्डांवर ती जुळत नाही. काही कार्डांवर दोन बायोस आणि त्यांच्यात निवड करणारं छोटं बटण असतं. पीसी बंद करून ते दुसऱ्या बाजूला सरकवलं की मूळ बायोस मिळण्याची शक्यता असते.

यादीत कार्डाचं नावच नसेल तर ‘अदर डिव्हाइसेस’मधल्या अनोळखी नावावर जा, ‘डिटेल्स’ टॅबमध्ये ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. ‘व्हीईएन’ या अक्षरांनंतर चार अक्षर-अंक असतात. १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी, ८०८६ म्हणजे इंटेल. तिथेही काही नसेल तर विंडोजला कार्ड दिसतच नाही, म्हणजे परत कॅबिनेटकडे. मदरबोर्डवर ‘व्हीजीए’ लिहिलेला छोटा दिवा सतत लागून राहिला असेल तर तोही हेच सांगतोय.

ड्रायव्हर कुठून घ्यायचा, कोणता घ्यायचा

एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेल, ज्याची चिप असेल त्याच्याच संकेतस्थळावरून. कार्डाच्या खोक्यावर दुसऱ्या कंपनीचं नाव असतं, पण ड्रायव्हर चिप बनवणाऱ्याचा लागतो. खोक्यातली सीडी विसरा. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर अपडेट’ करून देणारे प्रोग्रॅम तर अजिबात नकोत. चुकीचा ड्रायव्हर आणि सोबत जाहिराती, एवढंच त्यांतून मिळतं.

कार्डाची मालिका आणि विंडोजची आवृत्ती नीट निवडा. मालिका निवडताना ‘नोटबुक’ लिहिलेली टाळा, ती लॅपटॉपसाठी असते. इन्स्टॉलर जर ‘सुसंगत हार्डवेअर सापडलं नाही’ म्हणाला, तर बहुतेक वेळा यातलंच काहीतरी चुकलेलं असतं, किंवा कार्ड जुनं असल्याने नव्या ड्रायव्हरने त्याला सोडून दिलेलं असतं. एनव्हिडियाची केप्लर पिढी, म्हणजे जीटीएक्स ६०० आणि ७०० मालिकेतली बहुतेक कार्डं, ४७० शाखेवर थांबली. जीटीएक्स ७५० मात्र नाव तसं असूनही पुढच्या मॅक्सवेल पिढीचं आहे. मॅक्सवेल आणि पास्कल, म्हणजे ९०० आणि १० मालिका, यांच्यासाठी ५८० ही शेवटची पूर्ण शाखा. एएमडीने एचडी ७००० पासून ३०० मालिकेपर्यंतची, जीसीएन या रचनेची कार्डं २०२१ मध्येच जुन्यांच्या यादीत टाकली. अशा कार्डांसाठी संकेतस्थळावर कार्डाचं नाव निवडल्यावर जी शेवटची आवृत्ती दिसते, तीच घ्यायची.

एनव्हिडियाकडे ‘गेम रेडी’ आणि ‘स्टुडिओ’ असे दोन प्रकार मिळतात. दोन्हींवर गेमही चालतात आणि व्हिडिओ एडिटिंगही. नव्या गेमच्या दिवशीच तो खेळायचा नसेल तर स्टुडिओ घ्या, त्याच्या आवृत्त्या कमी वेळा येतात आणि अधिक निवांत तपासलेल्या असतात.

ग्राफिक्सच्या आधी मदरबोर्डचा स्वतःचा, म्हणजे चिपसेटचा, ड्रायव्हर टाकलेला असावा. घाईत हा राहून जातो.

स्वच्छ इन्स्टॉल

साध्या तक्रारीसाठी इन्स्टॉलरमधलाच पर्याय पुरतो. एनव्हिडियात ‘कस्टम’ निवडून ‘क्लीन इन्स्टॉलेशन’वर खूण करा, एएमडीत ‘फॅक्टरी रीसेट’. तेवढ्याने भागलं नाही, किंवा एका कंपनीचं कार्ड काढून दुसऱ्या कंपनीचं बसवलं असेल, तर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, वापरा. हा मोफत प्रोग्रॅम ड्रायव्हरच्या फायली, रजिस्ट्रीतल्या नोंदी आणि विंडोजने राखून ठेवलेल्या प्रती सगळं उपसून काढतो. म्हणूनच दर अपडेटला तो चालवायची सवय लावून घेऊ नका, अडलं तरच.

१. नवा ड्रायव्हर आणि डीडीयू, दोन्ही आधी डाउनलोड करून डेस्कटॉपवर ठेवा. डीडीयूची फाइल उलगडून घ्या.

२. विंडोजच्या खात्याचा पासवर्ड आठवतो ना, खात्री करा. सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच साध्या ड्रायव्हरांवर चालते त्या अवस्थेत) पिन चालेलच असं नाही. ड्राइव्हवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं कुलूप, असेल तर त्याची रिकव्हरी की फोनवर किंवा कागदावर घेऊन ठेवा. या वाटेने गेल्यावर ती मागितली जाऊ शकते, आणि ती नसेल तर तुम्ही दाराबाहेरच.

३. इंटरनेट तोडा. लॅनची केबल काढा, वायफाय बंद करा. ही पायरी गाळली की डीडीयू जुना ड्रायव्हर काढतो आणि तुम्ही नवा टाकायच्या आत विंडोज अपडेट आपला एखादा जुना ड्रायव्हर आणून बसवते. मग दोन इन्स्टॉल एकमेकांच्या अंगावर येतात.

४. शिफ्ट दाबून ठेवून ‘रीस्टार्ट’वर क्लिक करा. ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट. यादी आली की ४ दाबा. स्क्रीन काळीच असल्यामुळे इथवर पोचता येत नसेल, तर विंडोजचा लोगो दिसताच पॉवर बटण दाबून पीसी बंद करा; असं लागोपाठ केलं की दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो आणि तिथून हाच मार्ग मिळतो.

५. सेफ मोडमध्ये डीडीयू उघडा. उजवीकडे ‘जीपीयू’ आणि मग ज्या कंपनीचा ड्रायव्हर काढायचा तिचं नाव निवडा. ‘क्लीन अँड रीस्टार्ट’. कार्डच बदलणार असाल तर ‘क्लीन अँड शटडाउन’, मग जुनं कार्ड काढून नवं बसवा.

६. पीसी सुरू झाल्यावर मोठी अक्षरं आणि कमी रेझोल्युशन दिसेल, घाबरू नका. आता नवा ड्रायव्हर टाका. बिघाड शोधत असताना सोबतचे जादा प्रोग्रॅम नकोत: एएमडीत ‘ड्रायव्हर ओन्ली’ निवडा, एनव्हिडियात कस्टममध्ये जाऊन ड्रायव्हर आणि लागल्यास एचडीएमआय ऑडिओ एवढंच ठेवा.

७. इन्स्टॉल चालू असताना स्क्रीन एक-दोनदा काळी होते. अर्धा मिनिट गेला तरी काही दिसत नाही म्हणून रीसेट दाबू नका, निदान पाच मिनिटं थांबा. संपल्यावर रीस्टार्ट करा आणि मगच इंटरनेट जोडा.

इथे ‘शटडाउन’ आणि ‘रीस्टार्ट’ यांत फरक आहे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन करताना विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवते आणि पुढच्या वेळी तीच उचलते. ड्रायव्हर खऱ्या अर्थाने नव्याने लोड होतो तो रीस्टार्टमध्ये.

एवढं करूनही काही दिवसांनी तक्रार परतली, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हरची तारीख पाहा. तुम्ही टाकला त्यापेक्षा जुनी असेल तर विंडोज अपडेटने तो बदलला आहे. विंडोजच्या ‘डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज’मध्ये ‘नो’ निवडा, आणि इन्स्टॉल पुन्हा करा. डीडीयूच्या पर्यायांतही हे रोखायची सोय आहे. नवीन आवृत्तीनंतर बिघाड सुरू झाला असेल, तर हे सगळं करायच्या आधी ड्रायव्हर टॅबमधलं ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबून पाहा. ते बटण फिकट असेल तर मागची प्रत शिल्लक नाही.

भाराखाली कोसळतं तेव्हा

स्वच्छ इन्स्टॉल झालं, तरी गेममध्ये तेच. आता ड्रायव्हरचा नाद सोडा आणि नोंदी वाचा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘विंडोज लॉग्ज’, त्यात ‘सिस्टिम’. ‘डिस्प्ले’ या स्रोताची ४१०१ ही नोंद म्हणजे टीडीआर झाला आणि सावरला. सावरता आलं नाही तर निळ्या पडद्यावर ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ येतं. त्याखाली एनव्हिडियाच्या किंवा एएमडीच्या ड्रायव्हर-फाइलचं नाव असतं, पण त्यावरून ड्रायव्हरच चुकला असं ठरत नाही. प्रतिसाद त्याच्याकडून अपेक्षित होता, एवढंच. ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद एकटी असेल, आधी काहीच नसेल, तर पीसी अचानक बंद पडला: एसएमपीएसकडे बघा. ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’च्या नोंदी रांगेने असतील तर हार्डवेअर स्वतः चुका कळवतं आहे, त्यांत पीसीआय एक्सप्रेसचा उल्लेख असेल तर स्लॉट किंवा रायझर.

मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलल्यावर जो गेम हमखास कोसळतो तोच तेवढाच वेळ चालवायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरं झालं हे कधीच कळणार नाही.

पहिली गोष्ट रॅम. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो, म्हणजे रॅमचा वेग वाढवणारा पर्याय, बंद करा. पीसी थोडा मंदावेल, पण रॅम तिच्या मूळ वेगावर येईल. एक्सएमपी म्हणजे एका अर्थी ओव्हरक्लॉकच; चार पट्ट्या भरलेल्या बोर्डावर तो टिकेलच असं नाही. रॅममध्ये एक बिट चुकला आणि तो नेमका ग्राफिक्सच्या कामाचा निघाला, तर खापर ड्रायव्हरवर फुटतं. एक्सएमपी बंद केल्यावर कोसळणं थांबलं तर रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. एकही चूक दाखवली तरी ती जास्तच समजा.

दुसरी, ओव्हरक्लॉक आणि अंडरव्होल्ट. कार्डाचा वेग आणि व्होल्टेज बदलणारे आफ्टरबर्नर वगैरे प्रोग्रॅम पूर्ण काढा. ‘मी फक्त व्होल्टेज कमी केलं, वेग वाढवला नाही’ ही सबब इथे चालत नाही, कारण दिलेल्या वेगाला व्होल्टेज कमी पडलं की परिणाम तोच. काही कार्डं कारखान्यातूनच वाढीव वेगाने येतात. चाचणीपुरता तो प्रोग्रॅम परत टाकून त्यांचा कोअर, म्हणजे मुख्य चिपचा वेग, ५० ते १०० मेगाहर्ट्‌झने खाली आणून पाहणं ही चांगली चाचणी आहे. तेवढ्याने कार्ड स्थिर झालं तर दोष कार्डात आहे आणि वॉरंटीचा हक्क तुमचा आहे.

तिसरी, वीज. एसएमपीएसवर वॅट पुरेसे लिहिलेले आहेत म्हणून निश्चिंत राहू नका. आधुनिक कार्डं काही मिलिसेकंदांसाठी सरासरीच्या कितीतरी वर उसळी मारतात. फरमार्कसारखा प्रोग्रॅम एकसारखा जड भार देतो, त्यात ही उसळी फारशी येत नाही. म्हणून फरमार्क अर्धा तास सुखाने चालतो आणि गेम दहाव्या मिनिटाला कोसळतो. चाचणी म्हणून कार्डाची पॉवर लिमिट ७० ते ८० टक्क्यांवर आणा आणि गेमचा फ्रेम रेट ६० वर बांधा. त्याने कोसळणं थांबलं तर एसएमपीएस किंवा केबल बदलून पाहायची वेळ आली आहे.

चौथी, उष्णता. कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड या प्रोग्रॅमच्या ‘सेन्सर्स’ टॅबमध्ये कोअर आणि हॉटस्पॉट (चिपवरची सर्वांत तापलेली जागा) दोन्ही पाहा. हॉटस्पॉटचा आकडा मोठा असणारच. एएमडीने आरएक्स ५७०० च्या वेळी ११० अंशांपर्यंत तो अपेक्षितच असल्याचं सांगितलं होतं. काळजी करायची ती दोघांतला फरक ३० अंशांहून बराच वाढला तर. मग थर्मल पेस्ट सुकली आहे किंवा हीटसिंक नीट बसलेलं नाही.

त्याच प्रोग्रॅममध्ये ‘बस इंटरफेस’ची ओळही वाचा. कार्ड रिकामं असताना तिथे १.१ असा कमी वेग दिसतो, ती वीज वाचवण्याची सोय आहे. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून भार दिला की खरा आकडा दिसतो. आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ६६०० वर एक्स८ दिसलं तर तेही ठीक, ही कार्डं मुळातच आठ लेनची आहेत. एक्स१६ च्या कार्डावर एक्स४ किंवा एक्स१ दिसलं तर मात्र स्लॉट चुकला आहे किंवा संपर्क कच्चा आहे. आणि जीपीयू-झेडने कार्डाच्या नावापुढे ‘फेक’ असं लिहिलं, तर ते जुन्या चिपवर नव्याचं नाव चढवून विकलेलं कार्ड आहे. त्याला कोणताच अस्सल ड्रायव्हर धड बसणार नाही.

बायोसमधलं एक जोडकाम

इंटेलच्या आर्क कार्डांना ‘रीसायझेबल बार’ (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारा पर्याय) लागतोच, नाहीतर ती फार मंद चालतात आणि लोक ड्रायव्हरला नावं ठेवतात. हा पर्याय सुरू करायला ‘अबव्ह ४जी डिकोडिंग’ चालू आणि ‘सीएसएम’ (जुन्या पद्धतीने बूट करू देणारी सोय) बंद हवं. पण विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर असेल, तर सीएसएम बंद करताच पीसी बूट होणार नाही. आधी डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कचा प्रकार तपासा. एमबीआर असेल तर बॅकअप घ्या आणि विंडोजसोबत येणाऱ्या एमबीआर२जीपीटी या साधनाने रूपांतर करून घ्या. तसं न करता अडकलात, तर सीएसएम पुन्हा सुरू केलं की विंडोज परत येते.

किरकोळ तक्रारी

ड्रायव्हर बदलल्यावर पहिला अर्धा तास गेम अडखळतो, कारण शेडरचा, म्हणजे गेमचं चित्र रंगवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांचा, साठा नव्याने तयार होत असतो. थांबा. फक्त ब्राउझरमध्ये किंवा व्हिडिओ पाहताना झगझग होत असेल तर ब्राउझरचं हार्डवेअर अॅक्सिलरेशन बंद करून पाहा. आवाज गायब झाला असेल तर नव्या ड्रायव्हरने मॉनिटरलाच स्पीकर ठरवलं आहे. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हातून आउटपुट बदला. मॉनिटरचा १४४ हर्ट्‌झ दिसत नसेल तर आधी केबल बदला, मग ड्रायव्हरचा विचार करा.

लिनक्स असेल तर

एएमडी आणि इंटेलचे ड्रायव्हर कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि मेसा (ग्राफिक्सचा खुला संच) यांच्यातच असतात, वेगळं काही डाउनलोड करायचं नसतं. नवं कार्ड ओळखलं जात नसेल तर कर्नल जुना आहे. एनव्हिडियाचा ड्रायव्हर आपल्या डिस्ट्रोच्या (उबंटू, फेडोरा वगैरेंच्या) भांडारातूनच घ्या, कंपनीच्या संकेतस्थळावरची फाइल थेट चालवू नका. पुढच्या कर्नल अपडेटला ती मोडते. आरटीएक्स ५० मालिकेला एनव्हिडियाचं खुलं कर्नल मॉड्युल लागतं, जुनं बंद मॉड्युल टाकलं तर कार्ड सुरूच होत नाही. बूट करताना स्क्रीन काळी झाली तर ग्रबच्या (बूटच्या सुरुवातीला येणाऱ्या) यादीवर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत जोडा आणि एफ१० दाबा. साध्या चित्रावर तरी आत शिरता येतं. सगळं बरोबर टाकूनही एनव्हिडियाचं मॉड्युल लोड होत नसेल तर सिक्युअर बूट (सही नसलेलं मॉड्युल लोड होऊ न देणारी बायोसची सोय) तपासा. इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर तो विचारतात. तो पडदा घाईत ओलांडला की सही नोंदली जात नाही.

वॉरंटीला देण्याआधी

शेवटची खात्री म्हणजे अदलाबदल. तुमचं कार्ड दुसऱ्या, धड चालणाऱ्या पीसीत, आणि जमलं तर दुसऱ्याचं कार्ड तुमच्यात. बिघाड कार्डाबरोबर गेला तर कार्ड. तुमच्याच पीसीत राहिला तर एसएमपीएस, रॅम किंवा मदरबोर्ड. सोबत देण्यासाठी एवढं लिहून ठेवा: ड्रायव्हरच्या ज्या दोन आवृत्त्यांवर तपासलं त्यांचे क्रमांक, डिव्हाइस मॅनेजरमधला कोड, इव्हेंट व्ह्यूअरमधल्या नोंदींचे फोटो, एसएमपीएसचं मॉडेल, आणि अदलाबदलीत काय झालं. सेवा केंद्रात पहिला सल्ला ‘ड्रायव्हर पुन्हा टाकून बघा’ हाच मिळतो. हा कागद पुढे केला की ती फेरी वाचते. कार्डावरचं सीलचं स्टिकर मात्र तोवर फाडू नका, पेस्ट बदलायचा कितीही मोह झाला तरी.